क्षयरोग, अनुदान आणि मुदत

थोरले माधवराव पेशवे १७७२ मध्ये थेऊर येथे राजयक्ष्म्याने गेले, तेव्हा हिंदुस्थानातील एक बलाढ्य सत्ता त्यांच्या हाती होती. डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ मध्ये त्याच रोगाने गेल्या. त्या तर स्वतःच अमेरिकेतून वैद्यकाची पदवी घेऊन परतल्या होत्या. सत्ता आणि विद्या दोन्ही त्या काळी या रोगापुढे हतबल ठरल्या, कारण औषधच अस्तित्वात नव्हते. आज औषध आहे. साध्या क्षयरोगावरील सहा महिन्यांच्या संपूर्ण उपचाराला लागणाऱ्या गोळ्यांची आंतरराष्ट्रीय खरेदीतील किंमत पन्नास डॉलरच्या आसपास आहे. आणि तरीही, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, २०२४ या एका वर्षात जगभरात सुमारे १ कोटी ७ लाख लोकांना हा रोग जडला आणि सुमारे १२ लाख ३० हजार माणसे त्याने दगावली. याचा सरळ अर्थ असा की क्षयरोगाचा प्रश्न आता वैद्यकशास्त्राचा कमी आणि अर्थव्यवहाराचा व प्रशासनाचा अधिक उरला आहे. म्हणूनच वैद्यकाशी थेट संबंध नसलेल्या माझ्यासारख्या माणसाने त्यावर लिहिण्यास हरकत नसावी.

विकसनशील देशांच्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमांना बाहेरून अनुदान द्यावे काय, आणि द्यायचे तर कशासाठी, हा वाद जुनाच आहे. २०२५ च्या घडामोडींनी त्याला नवी धार आणली. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेने आपली परकीय मदत स्थगित केली आणि १ जुलैपासून यूएसएड या संस्थेचे काम थांबवून उरलेसुरले कार्यक्रम परराष्ट्र खात्याकडे सोपवले. क्षयरोगासाठी अमेरिका दरवर्षी वीस ते पंचवीस कोटी डॉलर थेट देत असे. जगातील सर्व दात्यांच्या अनुदानाचा तो जवळजवळ चौथा हिस्सा होता. दोन महिन्यांतच, मार्चमध्ये, अनेक देशांतील औषधपुरवठा, प्रयोगशाळा आणि रुग्णनोंदणी विस्कळीत होत असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेला जाहीर करावे लागले. पुढे नोव्हेंबरमध्ये ‘ग्लोबल फंड’ या जागतिक निधीच्या आठव्या निधिसंकलनात १८ अब्ज डॉलरचे उद्दिष्ट समोर असताना ११.३४ अब्ज डॉलरची आश्वासने मिळाली. क्षयरोगासाठी मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय पैशापैकी सुमारे तीन-चतुर्थांश पैसा याच निधीतून येतो, हे लक्षात घेतले म्हणजे या तुटीचे गांभीर्य कळते.

माझे मत आरंभीच सांगतो. असे अनुदान आवश्यक आहे आणि पुढेही राहील. परंतु त्याचा चांगुलपणा रकमेवरून ठरवणे योग्य नाही. ज्या दिवशी ते अनुदान थांबेल, त्या दिवशी उपचाराच्या तिसऱ्या महिन्यात असलेल्या रुग्णाच्या गोळीचे काय होईल, या एका प्रश्नाच्या उत्तरावरून ते ठरवावे. दाते आणि घेणारी सरकारे, दोघेही हा प्रश्न करारावर सही करताना विचारत नाहीत, अशी माझी तक्रार आहे.

प्रथम अनुदानाची बाजू पाहू. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात, त्याचे क्षयरोगाइतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. उपचार न घेतलेला संसर्गजन्य रुग्ण वर्षाकाठी दहा ते पंधरा जणांना संसर्ग देऊ शकतो, असा जुना ढोबळ अंदाज आहे. म्हणजे एका रुग्णाच्या उपचारावर केलेला खर्च त्या रुग्णापुरता नसतोच. तो त्याच्या घरातील मुलांवर, कारखान्यात शेजारी बसणाऱ्या कामगारावर आणि सीमेपलीकडच्या गावावरही केलेला असतो. ज्या खर्चाचा लाभ इतका दूरवर पसरतो, तो एकट्या रुग्णावर किंवा एकट्या गरीब सरकारवर सोपवला, तर आवश्यकतेपेक्षा कमीच होणार. जागतिक बँकेने १९९३ च्या आपल्या जागतिक विकास अहवालात क्षयरोगाच्या अल्पमुदतीच्या औषधोपचाराला सर्वांत किफायतशीर आरोग्य उपायांत स्थान दिले, ते याच हिशेबाने. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोग ही जागतिक आणीबाणी असल्याचे घोषित केले.

या हिशेबामागे एका गरीब देशाचा अनुभव उभा होता. तो देश म्हणजे टांझानिया. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ज्युलियस न्यरेरे यांच्या सरकारने राष्ट्रीय क्षयरोग व कुष्ठरोग कार्यक्रम हाती घेतला. कारेल स्टिब्लो हे त्याचे मार्गदर्शक. हे चेक डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या छळछावणीत असताना स्वतःच क्षयाने आजारी पडले होते. बाहेरचा पैसा मुख्यतः नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडकडून आला. त्या पैशातून औषधे, सूक्ष्मदर्शके, नोंदवह्या आणि देखरेखीसाठी फिरणारी वाहने मिळाली. रुग्णाची थुंकी तपासणारा, त्याला गोळ्या देणारा कर्मचारी मात्र टांझानियाच्या साध्या सरकारी दवाखान्यातला होता आणि त्याचा पगार टांझानियाच्या तिजोरीतून निघत होता. दर तिमाहीला नोंदलेल्या प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले – बरा झाला, दगावला, उपचार सोडून गेला – याचा हिशेब द्यावा लागे. पुढे हीच पद्धत ‘डॉट्स’ या नावाने जगभर गेली. रिफाम्पिसिन हे औषध त्या काळी महाग होते; परंतु बरा झालेल्या दर रुग्णामागे खर्च मोजला, तर जुन्या लांबलचक उपचारापेक्षा महागड्या गोळ्यांचा छोटा उपचारच स्वस्त पडतो, हे टांझानिया, मलावी आणि मोझांबिक येथील आकडेमोडीतून दिसून आले. दात्याने साधने द्यावीत आणि माणसे राज्यव्यवस्थेची असावीत, ही या कार्यक्रमाची घडण मला फार महत्त्वाची वाटते.

आपल्या देशाचा अनुभवही बोलका आहे. १९५६ मध्ये मद्रास येथे क्षयरोग औषधोपचार केंद्र स्थापन झाले, ते भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांच्या संयुक्त आश्रयाने. गरीब वस्तीत, दाटीवाटीच्या घरात राहून गोळ्या घेणारा रुग्ण आरोग्यधामात राहणाऱ्या रुग्णाइतकाच बरा होतो, हे या केंद्राने १९५९ मध्ये सिद्ध केले. आपल्या आधीच्या पिढ्यांना मिरज, पाचगणी ही नावे उच्चारताच जी आरोग्यधामे आठवत, त्यांची गरज या एका प्रयोगाने ओसरू लागली. बाहेरच्या मदतीने येथे ज्ञान मिळवून दिले, आणि मदत संपली तरी ज्ञान परत जात नाही.

त्या ज्ञानाच्या आधारे १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तीस वर्षांनी, १९९२ मध्ये, त्याचा आढावा घेतला गेला, तेव्हा निम्म्याहून कमी रुग्ण उपचार पूर्ण करीत असल्याचे आढळले. पैसा अपुरा होता आणि औषधपुरवठ्यात खंड पडत होता. पुढच्याच वर्षी सुधारित कार्यक्रमाची प्रायोगिक सुरुवात स्वीडनच्या साहाय्याने झाली. १९९७ मध्ये जागतिक बँकेकडून १४ कोटी २४ लाख डॉलरचे कर्ज मिळाले. ते दीर्घ मुदतीचे आणि बिनव्याजी होते, केवळ सेवाशुल्काचे. म्हणजे अर्थशास्त्राच्या भाषेत त्यात अनुदानाचा अंश मोठा होता. ओरिसात डेन्मार्कने हात दिला, अन्यत्र ब्रिटन, अमेरिका आणि ग्लोबल फंड यांनी. मार्च २००६ पर्यंत संपूर्ण देश कार्यक्रमाच्या कक्षेत आला. त्यानंतर दात्यांचा वाटा घटत गेला आणि आपल्या अर्थसंकल्पाचा वाढत गेला. केंद्र सरकारच्या आकड्यांनुसार २०१५ मध्ये ६४० कोटी रुपये असलेली तरतूद २०२२-२३ मध्ये ३,४०० कोटींवर पोहोचली. अनुदानाकडून सवलतीच्या कर्जाकडे आणि तिथून स्वतःच्या महसुलाकडे झालेला हा प्रवास जवळजवळ तीन दशकांचा आहे. दाते सामान्यतः तीन वर्षांची मुदत धरून चालतात.

या मुदतीच्या प्रश्नाशी माझा परिचय नस्तीतून झाला आणि नंतर प्रत्यक्ष जागेवर. काही वर्षांपूर्वी पूर्व भारतातील एका जिल्ह्यात मी केंद्राचा निरीक्षक म्हणून गेलो होतो. एका तालुक्याच्या ठिकाणी सूक्ष्मदर्शक होता, रसायने होती, वीजही होती. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत मात्र सलग सात आठवडे थुंकी तपासणीच्या रकान्यात एकही आकडा नव्हता, केवळ आडवी रेघ. चौकशीअंती कळले की तेथील तंत्रज्ञ प्रकल्पाच्या पैशावर कंत्राटी नेमलेला होता. प्रकल्पाची मुदत संपली होती, पुढच्या टप्प्याची मंजुरी आली नव्हती आणि राज्याच्या अर्थसंकल्पात त्या पदासाठी लेखाशीर्षच नव्हते. प्रत्येक टेबलावरील अधिकारी नियमानुसारच वागला होता. सात आठवडे त्या तालुक्यात खोकणारी माणसे येत होती आणि परत जात होती. त्यांपैकी कितीजणांना क्षय होता, हे त्या वहीतून कधीच कळणार नव्हते.

हीच गोष्ट जगाच्या पातळीवर घडते तेव्हा तिचे परिणाम कैक पटींनी वाढतात. नोव्हेंबर २०११ मध्ये दात्यांचा पैसा कमी पडल्यामुळे ग्लोबल फंडाला अनुदानाची अकरावी फेरीच रद्द करावी लागली. ज्या देशांनी त्या फेरीवर भिस्त ठेवून आराखडे आखले होते, त्यांचे नियोजन कोसळले. रस्त्याचे बांधकाम दोन वर्षे रखडले, तर खडी जागेवर पडून राहते. क्षयरोगाचा उपचार मध्येच सुटला, तर शरीरात उरलेले जंतू औषधाला न जुमानण्याचा धोका असतो, आणि मग हाच रोग कितीतरी अधिक खर्चाचा व अधिक जीवघेणा होऊन परततो. अर्धवट दिलेले अनुदान काही वेळा न दिलेल्या अनुदानापेक्षा महाग पडते, ते यामुळे.

येथे अर्थतज्ज्ञ एक गंभीर आक्षेप घेतील आणि तो डावलता येणार नाही. पैसा प्रवाही असतो. दात्याने क्षयरोगासाठी शंभर रुपये दिले, की अर्थमंत्रालय आपले शंभर रुपये त्या खात्यातून उचलून दुसरीकडे वळवते. मग दात्याच्या पैशाने प्रत्यक्षात काय विकत घेतले, हे कोणी सांगावे? अर्थखात्याच्या बैठकांत मी अनेक वर्षे बसलो आहे, आणि हा युक्तिवाद तेथे कसा चालतो हे मला ठाऊक आहे. ‘या बाबीला बाहेरून पैसा येतोच आहे’ या एका वाक्यावर तरतुदी कापल्या जातात. वाक्य उच्चारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याच्यासमोर शाळा, सिंचन आणि पेन्शन यांचीही मागणी असते.

तरीही या आक्षेपामुळे अनुदानच बंद करावे, हा निष्कर्ष मला मान्य नाही. जगात क्षयरोगावर होणाऱ्या खर्चापैकी सुमारे चार-पंचमांश पैसा देशांच्या स्वतःच्या तिजोरीतून येतो, असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. परंतु त्या सरासरीत भारत, चीन, ब्राझील, रशिया, दक्षिण आफ्रिका यांचा भार मोठा आहे. अत्यल्प उत्पन्नाच्या देशांकडे पाहिले, तर चित्र बदलते. तेथे दात्याचा पैसा हाच कार्यक्रमाचा कणा असतो. ज्या अर्थमंत्र्याच्या तिजोरीतून कर्जाचे हप्ते फेडल्यावर फारसे काही उरतच नाही, तो वळवणार तरी काय? २०२४ मध्ये अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत मिळून क्षयरोगासाठी ५.९ अब्ज डॉलर उपलब्ध झाले. २०२७ पर्यंत दरवर्षी २२ अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर सर्वांनी मिळून दिले होते. या दरीत पैशाच्या प्रवाहीपणाची चर्चा करणे म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रात पुराच्या उपायांवर बोलण्यासारखे आहे.

मग करावे काय? माझ्या अल्प अनुभवावरून काही गोष्टी सुचवतो.

पहिली ही की अनुदानाच्या करारात त्याच्या समाप्तीचे कलम सर्वांत आधी लिहावे. दात्याने हात काढून घेतला, तरी त्या दिवशी नोंदणीत असलेल्या प्रत्येक रुग्णाचा उपचार पूर्ण करण्याइतका औषधसाठा त्याच अनुदानातून आधीच बाजूला काढलेला असावा. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा आहे. जंतू औषधांना दाद देत नसतील, तरी नव्या औषधयोजनांमुळे पूर्वीचा दीड-दोन वर्षांचा उपचार अनेक रुग्णांच्या बाबतीत सहा महिन्यांवर आला आहे. रुग्णाला दिलेला शब्द पाळायला लागणारी रक्कम त्यामुळे मोजता येण्याजोगी आहे. ती मोजून ठेवावी. राजनैतिक मतभेद, निवडणुका, सत्तांतर यांपैकी कशाचाही त्या साठ्याला स्पर्श होऊ नये.

दुसरी गोष्ट माणसांची. प्रकल्पाच्या पैशावर नेमलेल्या प्रत्येक पदाला पहिल्याच दिवसापासून देशाच्या अर्थसंकल्पात नाममात्र का होईना, लेखाशीर्ष असावे आणि वर्षागणिक त्यातील सरकारी हिस्सा वाढत जावा. शून्य तरतुदीच्या पदाला तरतूद मिळवणे आणि दहा टक्क्यांचे वीस टक्के करणे, यांत किती अंतर आहे, हे अर्थखात्याशी झगडलेला कोणताही अधिकारी सांगेल. टांझानियाचा धडा हाच आहे.

तिसरी गोष्ट अशी की अनुदानाचा सर्वांत टिकाऊ उपयोग अनेक देशांना मिळून लाभ देणाऱ्या बाबींवर होतो. जीनएक्सपर्ट या जलद चाचणीच्या काडतुसाची किंमत १६.८६ डॉलर होती. २०१२ मध्ये अमेरिकी संस्था, युनिटेड आणि गेट्स प्रतिष्ठान यांनी उत्पादकाला एकरकमी पैसे देऊन ती ९.९८ डॉलरवर आणली, तीही शंभराहून अधिक देशांतील सरकारी खरेदीसाठी. एकदा खर्च केला आणि लाभ वर्षानुवर्षे मिळत राहिला. किंमत उतरवण्याचे काम दातेच करतात असे नाही. बेडाक्विलिन या औषधाच्या एकाधिकाराची मुदत लांबवू पाहणारा अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला. त्याला आव्हान देणाऱ्यांत मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले होत्या, दोघीही क्षयरोगातून वाचलेल्या आणि उपचारात श्रवणशक्ती गमावलेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सहा महिन्यांच्या या औषधाची जागतिक खरेदीतील किमान किंमत १३० डॉलरपर्यंत उतरली. कायद्याचा असा वापर करण्यासाठी कोणाही गरीब देशाला साहाय्य करणे, हेदेखील क्षयरोगाचे अनुदानच मानावे.

शेवटी आपल्याविषयी. जगातील क्षयरुग्णांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा भारतात आहे. २०१५ मध्ये आपल्याकडे लाखामागे २३७ नवे रुग्ण होते, २०२४ मध्ये १८७. ही घट जगाच्या सरासरीहून चांगली आहे, परंतु २०२५ पर्यंत क्षयनिर्मूलनाचे जे लक्ष्य आपण २०१८ मध्ये जाहीर केले होते, त्यापासून ती फार दूर राहिली. स्वतःचा पैसा असला म्हणजे सातत्य आपोआप येते, असेही नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राला औषधांच्या तुटवड्यापायी राज्यांना तीन महिन्यांपुरती स्थानिक खरेदी करण्याची सूचना द्यावी लागली होती. दात्यांना जो नियम मी सुचवतो आहे, तो आपल्या खरेदीलाही लागू आहे.

आणि आता आपण केवळ घेणारे नाही. ग्लोबल फंडाला भारताने २०१९ च्या फेरीत २ कोटी २० लाख डॉलर देऊ केले होते. रक्कम लहान आहे, पण जगातील क्षयरोगाच्या औषधांचा मोठा भाग भारतीय कारखान्यांत तयार होतो, हे ध्यानात घेतले तर आपल्याला देता येण्याजोगी सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच आहे. दात्याने अचानक पाठ फिरवलेल्या देशांसाठी सहा महिन्यांच्या औषधांचा एक राखीव साठा भारताने आपल्या खर्चाने ठेवावा. आपल्या अर्थसंकल्पाच्या मानाने त्याचा भार जाणवणारही नाही. १९९३ मध्ये आपल्याला स्वीडनची गरज होती. आज कुणाला तरी आपली आहे.

आपण वाचकांपैकी बहुतेक जण घरापासून दूर, परप्रांतात किंवा परदेशात आहात. क्षयरोगही स्थलांतरिताच्या सोबतीनेच प्रवास करतो. मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी कर्नाटकात गेलेल्या मजुराचा उपचार तिसऱ्या महिन्यात अडला, तर दोन राज्यांच्या नोंदवह्यांमधील फटीत तो हरवतो. निक्षय या संगणकीय नोंदणीमुळे रुग्णाची माहिती आता एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पाठवता येते, परंतु ती पाठवणारा आणि पलीकडे ती पाहणारा कर्मचारी जागेवर हवा. आपल्या घरी काम करणाऱ्या, आपल्या इमारतीच्या बांधकामावर राबणाऱ्या, आपल्या कारखान्यात येणाऱ्या माणसाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर त्याला जवळच्या सरकारी दवाखान्यात पाठवावे. तपासणी आणि औषध तेथे विनामूल्य आहे, आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी दरमहा एक हजार रुपयेही मिळतात. आणि त्याला उपचार मिळू लागला, तर सहा महिने पूर्ण होईपर्यंत त्याची नोकरी टिकवून ठेवावी. तेवढे आपल्याला शक्य आहे.